जातरूप आणि रजत : निळ्या कागदावरच्या सूत्रांमागे

पहिला दिवस : नारा

आईनं पिशवीत लवंगांची पुरचुंडी टाकली होती. घशाला बऱ्या, म्हणाली. जुलैचा दुसरा आठवडा होता आणि हवा ज्येष्ठातल्या कोकणासारखी दमट. ओसाकाच्या विमानतळावरून नाराला पोचेपर्यंत दुपार झाली. जरा पडलो, आणि ऊन कलल्यावर तोदाइजी या बौद्ध मंदिराच्या मागची दगडी चढण चढून त्याच्याच आवारातल्या निगात्सुदो या लहान मंदिरात गेलो. आईचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून दर पंधरा-वीस पायऱ्यांनी थांबत.

माझं काम जुन्या पोथ्या आणि कागदपत्रं जतन करण्याचं. कसर लागलेली, शाईनं खाल्लेली, एकमेकांना चिकटलेली पानं रोज हाताखालून जातात. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी एक तुकडा पाहिला होता. गडद निळीत रंगवलेला कागद, त्यावर चांदीनं लिहिलेल्या चिनी अक्षरांच्या उभ्या ओळी, आणि एक कड जळून लाटेसारखी वेडीवाकडी झालेली. तो होता निगात्सुदोच्या अवतंसक सूत्र या बौद्ध ग्रंथाचा भाग. आठव्या शतकात लिहिलेल्या ६० गुंडाळ्यांचा हा संच. १६६७ साली इथल्या शुनि-ए या विधीच्या काळात मंदिराला आग लागली, त्यातून जे हाती लागलं ते वाचलं. चांदी काळी पडते, हे मला कुणी सांगायला नको. त्या तुकड्यावरची चांदी मात्र साडेबाराशे वर्षांनंतर आणि आगीतून निघूनही उजळ होती. त्या दिवसापासून हा प्रवास डोक्यात होता.

निगात्सुदोच्या लाकडी सज्जातून खाली नारा शहर दिसतं, आणि तोदाइजीचं प्रचंड छप्पर. याच सज्जावरून दर मार्चमध्ये पेटत्या मशाली धावत नेतात. ७५२ पासून हा विधी एकाही वर्षी चुकलेला नाही. आग लागली त्या वर्षीसुद्धा नाही.

मी आईला तुकड्याची गोष्ट सांगितली. तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. नीट ऐकून घेतल्याशिवाय ती बोलत नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "सामणेरांचं दहावं शील काय गं?"

सामणेर म्हणजे नवशिके भिक्खू. मला आठवलं. जातरूप-रजत पटिग्गहणा वेरमणी. सोनं-रूपं स्वीकारण्यापासून दूर राहीन.

"मग त्यांचीच वचनं चांदीनं कशाला लिहायची?"

मी आठ दिवसांचा बेत आखून आले होते, आणि पहिल्याच संध्याकाळी आईनं त्या बेताच्या मुळावर बोट ठेवलं.

दुसरा दिवस : याकुशीजी

जपानीत सूत्र हातानं उतरवण्याला शाक्यो म्हणतात. याकुशीजीत ते कुणालाही करता येतं. या मंदिराची मुख्य इमारत शतकांपूर्वी जळून गेली होती. १९६८ मध्ये इथले प्रमुख भिक्खू ताकादा कोइन यांनी ठरवलं, की मोठ्या देणगीदारांकडे हात पसरायचे नाहीत. लोकांनी हृदयसूत्राची एकेक प्रत लिहावी, तिच्यासोबत एक हजार येन द्यावेत, आणि अशा दहा लाख प्रतींतून इमारत उभी राहावी. १९७६ मध्ये ती उभी राहिली.

आत जाताना गळ्यात कापडी पट्टा घालतात आणि तोंडात धरायला एक लवंग देतात. सूत्र लिहिणाऱ्याचा श्वास शुद्ध असावा म्हणून. आईनं लवंगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपली पुरचुंडी तिनं पिशवीत आणखी खाली सारली आणि दिलेली लवंग दाढेखाली धरली.

बुटकी मेजं, दगडावर पाणी घालून शाई उगाळायची. शाईची वडी गोल गोल फिरवताना तो काजळीचा, सरसाचा ओळखीचा वास आला आणि मला एकदम कामावर बसल्यासारखं वाटलं. नमुन्याचा कागद खाली, त्यावर पातळ पांढरा कागद, खालची अक्षरं वर दिसतात. कुंचल्यानं ती वरून काढत जायची.

"गिरवायचंच की," आई कुजबुजली.

गिरवायचंच. एका ओळीत १७ अक्षरं. नारा काळापासून, म्हणजे आठव्या शतकापासून, बहुतेक सूत्रं याच मापानं लिहिली गेली आहेत, शाईनं असोत वा सोन्यानं. हृदयसूत्राची अक्षरं २६२. मला दीड तास लागला. आई माझ्या आधी संपवून शांत बसली होती. तिच्या ओळी सरळ आणि एकसारख्या जाडीच्या होत्या. माझ्या डाव्या बाजूला झुकलेल्या.

शेवटच्या ओळींपाशी मी तिला हळूच सांगितलं, की ही चिनी अक्षरं अर्थासाठी घेतलेलीच नाहीत, फक्त आवाजासाठी घेतली आहेत. जपानी माणूस ती वाचतो : ग्याते ग्याते, हारा ग्याते, हारासो ग्याते, बोजी सोवाका. तिनं ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं आणि तिचा चेहरा उघडला. गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. आपल्याकडचे शब्द इतका प्रवास करून, इतकी तोंडं बदलून तिथं बसलेले होते, आणि नकळत तिनंच ते आताच गिरवले होते.

खाली नाव आणि इच्छा लिहायला जागा असते. आईनं तिच्या सासूचं, माझ्या आजीचं नाव देवनागरीत लिहिलं.

आजीबद्दल इथंच सांगते. आजी पन्नाशीपर्यंत अंगठा उठवत होती. आई सून म्हणून घरात आली आणि रात्री भाकरी झाल्यावर चुलीपुढे पाटी घेऊन तिला अक्षरं शिकवू लागली. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून झालं तेव्हा आजीनं पाटीला हात जोडले. पुढे ती दुरेघी वहीत रोज पानभर लिहायची : बुद्धं सरणं गच्छामि. अकरा वह्या भरल्या. त्या आता माझ्याकडे आहेत. स्वस्तातला कागद पिवळा पडून ठिसूळ होत चालला होता. मी त्या एकेक पान सुटं करून सांभाळल्या आहेत. माझ्या हातून झालेलं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी त्याच दाखवीन.

तिसरा दिवस : क्योतो

आज दरबारी सूत्रांच्या शहरात. हेइआन काळात, म्हणजे ७९४ पासूनची सुमारे चारशे वर्षं, राजधानी इथं होती. दहाव्या-अकराव्या शतकापासून इथल्या उमरावांनी सद्धर्मपुंडरीक सूत्र हा महायान पंथाचा ग्रंथ सजवण्यात जो जीव ओतला त्याला तोड नाही. कुमारजीव या भिक्खूनं ४०६ साली केलेला चिनी अनुवाद हा सगळ्यांचा आधार. २८ अध्याय. कागद रंगवायचा, घोटायचा, त्यावर सोन्याचांदीच्या वर्खाचे तुकडे, सुईसारख्या पट्ट्या, वाळूसारखी पूड शिंपडायची, सोन्याच्या रेघा आखायच्या आणि मग लिहायचं. काही प्रतींत प्रत्येक अक्षराखाली एक कमळ काढलेलं असतं. कागावातल्या झेंत्सुजीच्या प्रतीत अक्षरांच्या ओळीशेजारी बुद्धांची ओळ आहे, एका अक्षराला एक बुद्ध. अक्षर हे बुद्धाचंच शरीर, ही कल्पना त्यांनी शब्दशः घेतली होती.

भीतीही होती. १०५२ पासून धर्माच्या ऱ्हासाचं युग सुरू होतं असं मानलं जाई. त्याच्या आधीच, १००७ साली, फुजिवारा नो मिचिनागा या सर्वसत्ताधीशानं स्वतः उतरवलेली सूत्रं सोन्याचा मुलामा दिलेल्या नळकांड्यात घालून किम्पुसेनच्या डोंगरावर पुरली. पुढे होणारा बुद्ध मैत्रेय येईल तेव्हा ती वर यावीत म्हणून. नळकांडं १६९१ मध्ये सापडलं. आई म्हणाली, "मैत्रेयाच्या आधी माणसांनीच काढलं."

आम्ही गेलो रोझानजीला. 'गेंजी' ही जुनी जपानी कादंबरी लिहिणाऱ्या मुरासाकी शिकिबूचं घर या जागी होतं असं मानतात. पांढरी खडी, शेवाळाची बेटं आणि त्यांत जांभळी किक्योची फुलं. जुलैत ती फुललेली असतात. तिथल्या लाकडी ओसरीवर आम्ही तासभर बसलो आणि मी आईला कागदाच्या दोन गोष्टी सांगितल्या.

एक 'गेंजी'मधली. त्या कादंबरीत गेंजी एका तरुण भिक्खुणीसाठी, आपल्याच पत्नीसाठी, अमिताभ सूत्र स्वतः लिहितो. दरबारच्या कागदशाळेतल्या माणसांना बोलावून तो खास कागद करवून घेतो. पानावर सोन्याच्या रेघा आखलेल्या असतात, पण लेखिका सांगते, की त्या सोन्यापेक्षा शाईच अधिक झळकत होती. कागद पाहिलेल्या, हातात घेतलेल्या बाईनं लिहिलेली ओळ आहे ती.

दुसरी गोष्ट इतिहासातली. नवव्या शतकात सम्राट सेइवा वारला. त्याच्या एका राणीनं, फुजिवारा नो तामिकोनं, त्याची तिला आलेली पत्रं जमवली, पाण्यात भिजवून त्यांचा लगदा केला, त्याचा नवा कागद करवला आणि त्यावर सद्धर्मपुंडरीक उतरवलं. असा कागद करडा निघतो, कारण शाई लगद्यातून पूर्ण जात नाही. म्हणजे प्रत्येक पानात पत्रांतली शाई होतीच, फक्त वाचता येत नव्हती. जतन करणारी म्हणून मला हे ऐकताना आधी पोटात खड्डा पडला होता. पत्रं नष्ट केली! मग बऱ्याच दिवसांनी कळलं, की तिनं ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडण्याजोगी ठेवली नाहीत, आणि टाकलीही नाहीत.

आई फुलांकडे पाहत होती. "या बायकांना लिहिता येत होतं तर," ती म्हणाली.

येत होतं, पण मोकळेपणानं नाही. चिनी अक्षरं ही पुरुषांची विद्या. मुरासाकीनं रोजनिशीत लिहून ठेवलंय, की भावाचा धडा चालू असताना बाजूला बसून ती त्याच्या आधी शिकायची, आणि वडील हळहळायचे, ही मुलगा असती तर! पुढे दरबारात ती लोकांसमोर साधं 'एक' हे अक्षरही येत नसल्यासारखी वागायची. आणि सूत्रं तर सगळी चिनीत.

आईनं मान हलवली. तिला याच्यापुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चौथा दिवस : हिरोशिमाच्या वाटेवर

कोयासान या डोंगरावरच्या मठात जायचं होतं. आईचा गुडघा सुजला, म्हणून रद्द केलं. तिथं सूत्रांच्या ४,२९६ गुंडाळ्या आहेत, ज्या मुळात उत्तरेकडच्या हिराइझुमीच्या. सोळाव्या शतकाच्या शेवटी तोयोतोमी हिदेत्सुगु या सत्ताधाऱ्याच्या काळात त्या तिकडे गेल्या. हिराइझुमीला आपण जाणारच आहोत, असं मनाला समजावलं. दुपारच्या गाडीनं हिरोशिमा. रात्री बर्फाची पिशवी, आणि दहीभाताची आठवण काढत खाल्लेला साधा भात.

पाचवा दिवस : इत्सुकुशिमा

सकाळी फेरीबोटीनं मियाजिमा बेटावर, जेमतेम दहा मिनिटं. भरती होती. लाल तोरी, म्हणजे मंदिराचं द्वार, पाण्यात उभी, आणि इत्सुकुशिमा मंदिराच्या ओवऱ्यांखाली पाणी हेलकावत होतं. फरशीच्या फळ्यांमधून खाली बघितलं की समुद्र दिसतो. ११६८ च्या सुमारास हे मंदिर आजच्या थाटात उभारलं तायरा नो कियोमोरीनं, आणि त्याच्या चार वर्षं आधी, ११६४ च्या नवव्या महिन्यात, त्यानं इथं ज्या गुंडाळ्या अर्पण केल्या त्यांना हेइके नोक्यो म्हणतात. हेइके म्हणजे तायरा हे योद्ध्यांचं घराणं, कियोमोरी त्याचा प्रमुख; नोक्यो म्हणजे अर्पण केलेली सूत्रं.

एकूण ३३. सद्धर्मपुंडरीकाचे २८ अध्याय, त्याच्या आधीचं आणि नंतरचं सूत्र, अमिताभ सूत्र, हृदयसूत्र, आणि कियोमोरीच्या हातचं संकल्पपत्र. ३३ का? सद्धर्मपुंडरीकाच्या २५व्या अध्यायात अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व ३३ रूपं घेतो म्हणून. इत्सुकुशिमाची देवी त्याचंच रूप मानली जाई. घराण्यातल्या आणि पदरच्या माणसांनी एकेक गुंडाळी वाटून घेतली होती. संकल्पपत्रात कियोमोरी लिहितो, की प्रत्येकानं चांगुलपणाची आणि सौंदर्याची परिसीमा गाठावी. एकत्र येऊन अशी प्रत करण्याला केचिएन म्हणतात, म्हणजे सूत्राशी आणि त्यातून एकमेकांशी नातं जोडणं.

अस्सल गुंडाळ्या क्वचितच बाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे. उजेडाचा प्रत्येक तास रंगातून वजा होत असतो. संग्रहालयात आम्ही पाहिल्या त्या प्रतिकृती, तानाका शिन्बी यांनी १९२० च्या दशकात केलेल्या. माझ्या ओळखीतल्या काहींना प्रतिकृती म्हटलं की तोंड फिरवावंसं वाटतं. मला उलट वाटलं. शिन्बींनी प्रत्येक कागदाचा पोत, वर्ख कापण्याची रीत, सरसाची ताकद शोधून काढत ही कामं पुन्हा हातानं केली. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांचं ज्ञान पुस्तकात नव्हतं. ते त्यांनी कागदाकडूनच शिकून घेतलं.

काचेला नाक लावून पाहिलं. कागद दोन्ही बाजूंनी सजवलेला. मागची बाजू, जी गुंडाळी उघडणाऱ्यालाही धड दिसत नाही, तिथंही सोन्याची धूळ. दांड्याची टोकं स्फटिकाची. मथळ्याच्या चित्रांत दरबारी पोशाखातल्या स्त्रिया, केस जमिनीवर पसरलेले, पोथीपुढे बसलेल्या. एका चित्रात खडकांच्या आणि गवताच्या रेघांत अक्षरं दडवलेली आहेत. सूत्रातली ओळ अर्धी अक्षरांत, अर्धी चित्रात. वाचणाऱ्यानं ती शोधून जोडायची.

आईला मी १२व्या अध्यायाच्या चित्रापाशी नेलं. देवदत्त अध्याय. नागराजाची आठ वर्षांची मुलगी समुद्रातून वर येते. बुद्धाचा शिष्य सारिपुत्र म्हणतो, बाईचं शरीर अशुद्ध, तिला पाच अडथळे, तिला बुद्धत्व कसं मिळणार? मुलगी हातातलं रत्न बुद्धाला देते, बुद्ध ते घेतो. ती विचारते, मी दिलं आणि त्यांनी घेतलं, याला वेळ लागला का? नाही लागला. माझं बुद्ध होणं त्याहून लवकर होईल. आणि होते. दरबारातल्या बायकांना हा अध्याय सगळ्यात जवळचा होता.

"पुढे?" आईनं विचारलं. शिक्षिकेला गोष्ट अर्धवट चालत नाही.

मला सांगावंच लागलं. सूत्र म्हणतं, की क्षणात तिचा पुरुष झाला आणि मग बुद्ध.

आई बराच वेळ बोलली नाही. मग चित्राकडे बोट केलं. "पण हिनं काढताना मुलगीच काढली आहे."

चित्र बाईनं काढलं की पुरुषानं, ते मला सांगता येणार नव्हतं. पण आईचं बरोबर होतं. लाटांतून वर आलेली, हातात रत्न धरलेली, ती मुलगीच आहे. लिहिणाऱ्यानं अक्षरं बदलली नाहीत, ते शक्यच नव्हतं. चित्रकारानं मात्र गोष्ट बदलाच्या आधी, रत्न देण्याच्या क्षणापाशी थांबवली. आजीला हा अध्याय कुणी वाचून दाखवला असता तर तिनं सारिपुत्राला चार शब्द सुनावले असते, हे आम्हा दोघींनाही एकाच वेळी सुचलं असावं, कारण आई एकदम हसली.

२५व्या अध्यायापाशी मात्र तिला काही सांगावं लागलं नाही. आगीत, समुद्रात, तलवारीखाली, बेडीत सापडलेल्यानं अवलोकितेश्वराला हाक मारावी, तो धावून येतो. "आपल्या लेण्यातला," ती म्हणाली. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात दाराशेजारी तो उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटं कोरली आहेत : आग, चोर, बेडी, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. आई दरवर्षी वर्गातली मुलं घेऊन तिथं जायची आणि कोणतं संकट कोणतं ते ओळखायला लावायची. सहाव्या शतकात आमच्या डोंगरात कोरलेला हाच विश्वास, सहाशे वर्षांनी या बेटावर सोन्यात.

एक गोष्ट मला स्वतःसाठी टिपून ठेवायची आहे. १६०२ मध्ये फुकुशिमा मासानोरी या सरदारानं या गुंडाळ्यांची दुरुस्ती करवली. तीन गुंडाळ्यांची वेष्टनं आणि मथळ्याची चित्रं नव्यानं केली गेली, ती चित्रकार तावाराया सोतात्सुची मानतात. संकल्पपत्राला त्यानं काय काढलं? मान खाली घालून गवत खाणारं एक हरीण. बाकी काही नाही. भोवती इतकी झळाळी असताना त्यानं जुन्याची नक्कल केली नाही, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या काळात काढलं. दुरुस्ती करणाऱ्यानं किती दिसावं, हा माझ्या कामातला रोजचा प्रश्न. त्या हरणाला पाहून मला पहिल्यांदा वाटलं, की कधीकधी दिसलं तरी चालतं.

बाहेर आलो तर ओहोटी लागली होती आणि एक खरं हरीण आईच्या पिशवीत नाक खुपसू पाहत होतं. लवंगांचा वास आला असावा.

कियोमोरी ११८१ मध्ये गेला. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत त्याचं घराणं बुडालं, त्याचा लहानगा नातू सम्राट आंतोकूही आजीच्या कुशीत. गुंडाळ्या इथंच राहिल्या.

सहावा दिवस : गाडीत

दिवसभर प्रवास. हिरोशिमा, तोक्यो, इचिनोसेकी. वाटेत आईनं विचारलं, सोन्यानं लिहितात म्हणजे नेमकं काय करतात?

वर्ख थाळीत घेऊन सरसाच्या पाण्याबरोबर बोटानं घोटत राहायचं, त्याची अगदी बारीक पूड होईपर्यंत. तीच शाई. लिहिताना ती मातकट, निस्तेज दिसते. वाळल्यावर रानडुकराच्या सुळ्यानं प्रत्येक अक्षर घोटायचं, मग झळाळी येते. आपल्याकडे कागद गारगोटीनं किंवा कवडीनं घोटत, तसंच. आणि कागद निळीत पुन्हा पुन्हा बुडवून काळपट निळा केलेला, वैदूर्याच्या भूमीसारखा. शुद्ध भूमी, म्हणजे बुद्धाचा स्वर्गासारखा लोक, निळ्या रत्नाची असते असं सूत्रांत म्हटलंय.

"म्हणजे प्रत्येक अक्षर दोनदा," आई म्हणाली. "एकदा लिहायचं, एकदा घोटायचं."

दोनदाच. मला हे कधी असं मोजावंसं वाटलं नव्हतं.

सातवा दिवस : हिराइझुमी

पाऊस. चुसोनजी मंदिराची चढण उंच देवदारांतून जाते. हळूहळू चढलो. वर कोन्जिकिदो हे सोनेरी दालन, ११२४ चं, काँक्रीटच्या इमारतीत काचेआड जपलेलं. त्याच्याबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही. आम्ही आलो होतो सान्कोझो या संग्रहालयासाठी.

हे सगळं उभं केलं फुजिवारा नो कियोहिरानं. हा क्योतोचा दरबारी नव्हे, उत्तरेच्या सीमेवरचा. त्याच्या रक्तात एमिशी, ज्यांना राजधानी रानटी म्हणायची. बाप युद्धात पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्या लढाईत सावत्र भावानं त्याची बायको आणि मूल मारलं. जिंकल्यावर त्यानं काय केलं? सगळी बौद्ध सूत्रं लिहवून घेतली. सुमारे ५,३०० गुंडाळ्या, १११७ ते ११२६ या काळात. इथल्या नद्यांत सोनं सापडत होतं. निळा कागद, आणि एक ओळ सोन्याची, एक ओळ चांदीची. शेवटपर्यंत तशीच.

समोर एक गुंडाळी उघडून ठेवलेली होती. खोलीत आम्ही दोघी आणि एक म्हातारे गृहस्थ. सोन्याची ओळ ऊन पडल्यासारखी. चांदीची जरा मागे सरलेली, करडी, पण स्पष्ट. डोळा वाचायला लागला की एका ओळीत पुढे येतो, दुसरीत मागे जातो, श्वास घेतल्यासारखा.

शेजारच्या दालनात दहा मोठ्या चित्रांपैकी काही होती. दुरून पाहिलं तर सोन्याचा बहुमजली स्तूप. जवळ गेलं तर त्याची प्रत्येक रेघ, छताची कड, खांब, पायऱ्या, सगळं सुवर्णप्रभास सूत्राच्या बारीक अक्षरांचं. एका चित्रात एक पूर्ण गुंडाळी. वाचायचं म्हटलं तर स्तूप चढावा-उतरावा लागेल.

११२६ च्या संकल्पपत्रात कियोहिरानं लिहिलंय, की इथल्या लढायांत मेलेले दरबारचे असोत की एमिशी, सगळ्यांचे जीव शुद्ध भूमीला जावोत. आणि केस, पिसं, खवले, कवच असलेले, जे जे मारले गेले तेही. मी हे आईला वाक्य तोडत तोडत सांगितलं. ती पुन्हा त्या उघड्या गुंडाळीपाशी गेली.

"जातरूप," ती सोन्याच्या ओळीवरून हवेत बोट फिरवत म्हणाली. मग दुसऱ्या ओळीवरून, "रजत."

मी वाट पाहिली.

"शील घेण्याबद्दल आहे. स्वीकारणार नाही, असं." तिनं थोडा विचार केला. "यानं दिलं."

मला ते पूर्ण पटलं नाही, अजूनही पटत नाही. दिलेलं सोनंही कुणाच्या तरी पाठीवरून आलेलं असतं. नदीत कमरेएवढ्या पाण्यात वाळू चाळणाऱ्यांची नावं कुठल्याही संकल्पपत्रात नाहीत. कियोमोरीनं पुण्याबरोबर घराण्याची भरभराटही मागितली होती. तसं मी आईला म्हटलंही. ती म्हणाली, "बरोबर आहे. पण या माणसानं शत्रूचं नाव आपल्या माणसाच्या शेजारी लिहिलं. तेवढं तरी मान." तेवढं मी मानलं.

खोलीतले गृहस्थ निघताना त्या गुंडाळीपुढे कमरेत वाकले. आईनं हात जोडले, आजीनं पाटीला जोडले होते तसेच.

आठवा दिवस : तळं

१९५० मध्ये कोन्जिकिदोतल्या शवपेट्या उघडून तपासल्या, तेव्हा कियोहिराच्या घराण्याच्या चौथ्या पिढीतल्या यासुहिराचं डोकं ठेवलेल्या पेटीत कमळाच्या बिया सापडल्या. तो ११८९ मध्ये मारला गेला होता. बिया रुजवल्या गेल्या आणि १९९८ मध्ये फुलल्या. उतारावर खाली एका लहानशा तळ्यात आता ती कमळं आहेत. फूल पहाटे उघडतं, दुपारपर्यंत मिटतं, म्हणून आम्ही न्याहारी न करताच निघालो.

पाऊस थांबला होता. तळ्यात पंधरा-सोळा फुलं, फिक्या गुलाबी रंगाची, आपल्याकडच्यापेक्षा सडपातळ. पानांवर पाणी गोळा होऊन मध्यभागी थरथरत होतं. एका पानाचं देठ जडावून कललं, सगळं पाणी एकदम खाली सांडलं, आणि पान पुन्हा सरळ झालं.

आईनं पिशवीतून दुरेघी वही काढली. ती सोबत आणली आहे हे मला माहीतच नव्हतं. बाकावर बसून तिनं पेननं एक ओळ लिहिली, मग वही माझ्याकडे दिली आणि पुढची ओळ माझ्यासाठी सोडली.